गावाकडच्या घरी लोखंडकामाचं आणि गाडी-दुरुस्तीचं वर्कशॉप: कोणतं हत्यार आधी, कोणतं नंतर

मृगाचा पाऊस पडून गेला, वाफसा आला, आणि नेमका त्याच दिवशी पेरणी यंत्राचा फण धरणारा बोल्ट तुटला. अर्धा बोल्ट आतच अडकून राहिला. तालुक्याला, दारव्ह्याला जायचं, वेल्डरचा नंबर लागायचा, बोल्ट काढून नवा बसवायचा, यात दिवस गेला. रात्री पुन्हा पाऊस आला आणि पेरणी पाच दिवस लांबली. घरी वाईस (लोखंड आवळून धरणारा शिकंजा), ड्रिल आणि बोल्टांचा एक डबा असता तर अर्ध्या तासात फण जाग्यावर बसला असता.

माझं वर्कशॉप त्या दिवसापासून सुरू झालं. गोठ्याच्या पलीकडे १२ बाय १६ फुटांचं टिनाचं शेड आहे. तिथं वखराच्या पासेपासून मोटरसायकलच्या ब्रेकपर्यंत कामं होतात. गावातली पोरं ‘कोणतं मशीन घेऊ’ विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांकडे ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन आधीच असतं. वाईस नसतो, अर्थिंग नसतं आणि वायर पंख्याची असते. म्हणून मी उलट्या बाजूनं सांगायला घेतो.

पहिली खरेदी मल्टिमीटरची

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि आठ दिवस घरच्या विजेचा दाब मोजून वहीत लिहा. सकाळी सहाला, दुपारी, आणि संध्याकाळी सात-आठला, जेव्हा गावभर दिवे, पंखे आणि पिठाची गिरणी एकदम सुरू असते. कागदावर आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनच्या शेवटच्या घरात संध्याकाळी १८०च्याही खाली आलेला आकडा मी पाहिला आहे. बऱ्याच मशीनवर ‘२३० व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १९५ च्या खाली ते नीट चालणार नाही. ही वही हातात असल्याशिवाय मोटरचं किंवा वेल्डिंगचं काहीही विकत घेऊ नका. दुकानदाराच्या काउंटरवर मशीन छानच चालतं, कारण तिथला दाब वेगळा असतो.

मग मीटरपासून शेडपर्यंतची वायर. ३० मीटर अंतरावर २० अँपिअर ओढले तर १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्येच १४-१५ व्होल्ट जातात. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये पाच-सहा व्होल्ट जातात. आधीच १९५ असतील तर हा फरक म्हणजे मशीन चालणं आणि न चालणं. वेल्डिंगसाठी ४ ची, जमलं तर ६ ची तांब्याची वायर, वेगळा ३२ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये वेल्डिंग मशीन खुपसू नका. घरच्या मीटरचा मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या.

शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर वेल्डिंग करायचा मोह फार जणांना होतो, कारण तिथं थ्री फेज असतं. ते कनेक्शन फक्त शेतीपंपासाठी असतं. दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुपटीच्या दरानं आकारणी होते. शिवाय ती वीज पाळीनं येते, कधी रात्रीची. अंधारात, झोपेत ग्राइंडर धरायचा नसतो.

अर्थिंगचं आपल्याकडे एक वेगळंच आहे. काळी माती पावसाळ्यात ओली असताना अर्थिंग उत्तम लागतं. एप्रिल-मेमध्ये तीच माती आक्रसते, भेगा पडतात आणि पाइपापासून माती सुटते. वर्षातले तीन महिने अर्थिंग फक्त नावाला उरतं. पाइप आठ-दहा फूट खोल घाला, भोवती कोळसा आणि मीठ भरा, तोंडाशी खड्डा ठेवा आणि उन्हाळाभर दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. घरात कोणीतरी हे काम स्वतःच्या अंगावर घ्यावं. माझ्याकडे ते आईकडे आहे, तुळशीला पाणी घालून झालं की ती अर्थिंगच्या खड्ड्यात घालते.

जमीन आणि छप्पर

काळ्या मातीवर सरळ काँक्रीट टाकलं तर दोन पावसाळ्यांत फरशी उचलते आणि तडकते. दोन फूट माती काढून टाका. सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसानं ठोका आणि वर चार इंच काँक्रीट घाला. सगळं शेड जमत नसेल तर निदान ८ बाय १० फुटांचा एक चौक असा करा. गाडी जॅकवर घ्यायची ती याच चौकात.

छप्पर उंच ठेवा, बारा फुटांच्या आसपास. दोन बाजू उघड्या असू द्या. टिनावर उन्हाळ्यात गारव्यासाठी पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कापसाची, तुरीची वाळलेली झाडं) टाकायची आपली जुनी रीत आहे. वर्कशॉपवर ती नको. टिनाला वरून पांढरा चुना मारा, तेवढ्यानंही फरक पडतो. का नको, ते ग्राइंडरपाशी सांगतो.

वाईस: धरता आलं पाहिजे

आमच्या गावच्या म्हाताऱ्या लोहारानं मला एकच गोष्ट शिकवली. मी पायाखाली पट्टी दाबून हॅक्सॉ चालवत होतो. तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, “पह्यले लोखंड धरता आलं पायजे बापू, मंग कापताबी येते न जोडताबी येते.”

म्हणून पैशाचा मोठा वाटा आधी वाईसवर घाला. शेतीच्या कामाला ५ किंवा ६ इंची वाईस लागतो. ४ इंची घेतला की महिन्याभरात पस्तावाल. दुकानात घेताना जबडे पूर्ण मिटवून उजेडासमोर धरा. मधून फट दिसत असेल तर तो ठेवून द्या. मग जबडा निम्मा उघडून हातानं डावीकडे-उजवीकडे हलवा. खुळखुळला तर स्क्रू आणि सरक ढिली आहे. वजनदार वाईस चांगला, एवढं सरळ धरून चला.

बसवताना दोन गोष्टी. उंची तुमच्या कोपराइतकी हवी, म्हणजे कानस चालवताना पाठ वाकत नाही. आणि आतला स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर यावा, म्हणजे लांब पाइप किंवा अँगल उभा धरला तरी टेबलाला अडत नाही. टेबलाला ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचा सांगाडा करा. त्याचं वजन मीटरला साधारण साडेचार किलो भरतं. लोखंड किलोवर मिळतं, म्हणून हिशोब घरूनच करून जा. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्यानं गुणा आणि १६२ नं भागा, मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ ची सळई मीटरला ०.८९ किलो. काट्यावर यापेक्षा बराच वेगळा आकडा दिसला तर विचारा.

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा बरेच जण शोधतात. आमच्या भागातून शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी जात होती, त्यामुळे ‘तुकडा देतो’ म्हणणारे भेटतात. घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्यावर १९६६ पासून वेगळा कायदा आहे. शिवाय ती गाडी आम्हा यवतमाळकरांच्या जिव्हाळ्याची आहे, तिचा रूळ आपल्या घरात नको. भंगारातला ट्रकचा ॲक्सल किंवा दीड इंची जाड प्लेट बाभळीच्या ओंडक्यावर बसवली तर ऐरणीचं काम होतं.

पाने कोणते, किती

मोठी पेटी, ज्यात दीडशे नग असतात, ती आधी घेऊ नका. तिच्यातले निम्मे नग कधीच बाहेर येत नाहीत आणि रोजचा १७ चा पाना दुसऱ्या हंगामाला फाकतो. नाशिकच्या टपारियासारख्या ओळखीच्या भारतीय ब्रँडचे, क्रोम व्हॅनेडियमचे पाने सुटे घ्या.

आपल्याकडच्या नेहमीच्या बोल्टांना लागणारे पाने असे (एम पुढचा आकडा म्हणजे बोल्टाची मिलिमीटरमधली जाडी): एम ६ ला १०, एम ८ ला १३, एम १० ला १७, एम १२ ला १९, एम १६ ला २४. जपानी घडणीच्या मोटरसायकली आणि कार यांत एम ८ ला १२ आणि एम १० ला १४ लागतो. म्हणून ८ पासून २४ पर्यंतचे पाने रिंग (बंद गोल तोंडाचे) आणि डबल एंड (उघड्या तोंडाचे) अशा दोन्ही प्रकारांत घ्या. ताकद लावायची तिथे रिंग पाना, फिरवून काढायचं तिथे डबल एंड. डबल एंडनं घट्ट नट सोडवायला गेलात की नटाचे कोपरे जातात.

जुना ट्रॅक्टर असेल तर आधी दोन-चार नटांवर पाने लावून बघा. काहींना इंची नट असतात. पाऊण इंचाच्या नटाला १९ चा पाना चालून जातो. पण ९/१६ च्या नटाला १४ बसत नाही आणि १५ घसरतो. अशा ट्रॅक्टरला अर्धा, ९/१६, ५/८ आणि पाऊण असे चार इंची पाने वेगळे ठेवा आणि त्यांना लाल रंगाचा पट्टा मारा.

गोटी (सॉकेट) पान्यांचा अर्धा इंची ड्राइव्हचा, म्हणजे गोटी ज्यावर बसते त्या चौकोनी टोकाचा, सेट पुरेसा आहे. सहा कोनी गोट्या मागून घ्या. बारा कोनी पटकन बसतात, पण गंजलेल्या नटावर घसरतात, आणि आपल्याकडे नवा नट कमी, गंजलेला जास्त. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासाठी मात्र पाऊण इंची ड्राइव्ह लागतो. तो दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा, वर्षातून दोनदा लागतो.

गंजलेला नट सोडवायची रीत सांगतो, कारण बोल्ट तुटतात ते इथंच. वायर ब्रशनं आटे साफ करा, डिझेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी सहा कोनी गोटी चढवा आणि आधी किंचित आवळायच्या बाजूला दाबा. ‘कट्’ असा बारीक आवाज येतो आणि हाताला सैलपणा जाणवतो. तो आवाज म्हणजे गंजाची पकड सुटली. मग उलटा फिरवा, अर्धा आटा मोकळा, पाव आटा परत, असं करत काढा. घाई केली तर बोल्ट तुटतो आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या दिवसाचं होतं.

टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, पहिल्या वर्षी नको, पण इंजिनचं हेड किंवा कारचं चाक उघडणार असाल तर घ्या. हाताच्या अंदाजानं आपण लहान बोल्ट जास्त आवळतो आणि मोठा कमी. ८.८ ग्रेडचा एम ८ बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला पुरतो, एम १२ ला ८५ च्या आसपास लागतात.

मापाला ०.०२ मिलिमीटर वाचणारा १५० चा व्हर्निअर, एक स्टीलची पट्टी, गुण्या आणि बारीक फट मोजायचं फिलर गेज घ्या. दुकानात ‘असाच बोल्ट द्या’ म्हणण्यापेक्षा ‘एम १०, दीडचा आटा, ४० लांब’ म्हणालात तर फेरी वाचते.

ग्राइंडर, आणि कापसाचं घर

४ इंची ग्राइंडरवर घरची नव्वद टक्के कामं होतात. तो मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे फिरतो. चाकावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच हवा. १४ इंची कटऑफ मशीनच्या चाकाचा कमाल वेग ४३०० च्या आसपास असतो, त्यावरून फरक कळेल. चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती बघूनच पैसे द्या. चाक बांधणारं रेझिन जुनं झालं की कमकुवत होतं, आणि ओलीत राहिलेलं चाक तर घेऊच नये. गार्ड काढायचा नाही. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही. माझ्या ओळखीत एका जवान पोराची तीन बोटं त्या पात्यानं गेली.

आता कापूस. दिवाळीनंतर आपल्या घराघरात भावाची वाट बघत कापूस पडून असतो. माझ्याकडे एका डिसेंबरात शेजारच्या खोलीत बारा-तेरा क्विंटल होता. दुपारी चारला मी शेडमध्ये डवऱ्याची दांडी घासत होतो. खोलीची खिडकी वीतभर उघडी होती. रात्री साडेनऊला बायकोला जळक्या चिंधीसारखा वास आला. ज्योत नव्हती, धूरही धड दिसत नव्हता. हातानं कापूस उपसत गेलो तेव्हा ढिगाच्या आत, हातभर खोल, घमेल्याएवढी काळी पोकळी सापडली. तिच्या कडा लाल होत्या आणि फुंकर घातल्यासारख्या मंद-तेज होत होत्या. वरून ओतलेलं पाणी ढिगावरून घरंगळून जात होतं, आत शिरत नव्हतं. सगळा कापूस अंगणात ओढून काढला, पसरला, पेटलेला भाग वेगळा बुडवला. पहाटेपर्यंत चौघं जागे होतो.

ठिणगी विझलेली दिसते तेव्हा ती विझलेली असेलच असं नाही. आगीच्या कामाच्या सुरक्षा नियमांत ३५ फुटांच्या आत जळणारं काही नको असं सांगितलेलं आहे. कापूस, कुटार, कडबा, पऱ्हाट्या, डिझेलचा डबा, सगळं त्या अंतराबाहेर हवं. हलवता येत नसेल तर त्या हंगामात ग्राइंडर अंगणात नेऊन, वाऱ्याकडे बघून चालवा. काम संपल्यावर तासभर तिथंच थांबा, हलकं आवरासावरीचं काम करा. दोन बादल्या वाळू, दोन बादल्या पाणी आणि एक पावडरचा अग्निशामक सिलिंडर शेडच्या दाराशी ठेवा, आत नको.

वेल्डिंग मशीन

जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन दणकट असतं, पण घरच्या सिंगल फेजवर ते शेजाऱ्यांचे दिवे मिचकावतं. घरासाठी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन घ्या. वजन कमी, वीज कमी. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला, ज्याला आपण दहा नंबर म्हणतो, ९० ते १३० अँपिअर लागतात. २.५ च्या, म्हणजे बारा नंबरच्या रॉडला ६० ते ९०. ११० अँपिअरवर मशीन विजेच्या बाजूनं साडेतीन किलोवॅटच्या घरात ओढतं. दोन-तीन केव्हीएचं छोटं जनरेटर हे काम करू शकत नाही.

मशीनच्या पाटीवर ‘ड्यूटी सायकल’ लिहिलेली असते, ती वाचा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विसावा. हा आकडा सहसा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, टिनाखाली आणखी. तेव्हा २०० लिहिलेल्या मशीनकडून १२०-१३० एवढ्याचीच अपेक्षा ठेवा आणि पहाटे पाच ते नऊ वेल्डिंग करा. मशीन पुन्हा पुन्हा बंद पडून पिवळा दिवा लागत असेल तर ते खराब झालेलं नाही, तापलेलं आहे. पंखा चालू ठेवून थांबा. महिन्यातून एकदा, बटण बंद करून आणि पिन काढून, आतली धूळ हवेनं उडवा. मळणीच्या दिवसांत तर दर आठवड्याला.

रॉड ई ६०१३ चे घ्या, पाकिटावर आयएस ८१४ बघून. शिकायला आणि शेतीच्या अवजारांना हेच बरे. काळ्या काचेचा नंबर १० किंवा ११ हवा. गॉगल लावून वेल्डिंग करणारे रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे तळमळतात, तो डोळ्यांचा भाजलेपणा असतो. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. त्यानं संध्याकाळी ताप आणि थंडी भरते. गूळ खाल्ल्यानं तो धूर फुफ्फुसातून निघत नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा.

ट्रॅक्टरवर वेल्डिंग असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग आतून डागाळतं. पेट्रोलची टाकी, कितीही रिकामी वाटली तरी, घरी वेल्ड करू नका.

ड्रिल, जॅक, कंप्रेसर

१३ मिलिमीटर चकचं, वेग कमी-जास्त होणारं ड्रिल घ्या. लोखंडाला एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) बिटं लागतात. ६ च्या बिटाला मिनिटाला तेराशे फेरे पुरतात, १० च्या बिटाला आठशे. पूर्ण वेगानं कोरडं चालवलं की बिटाचं टोक निळं पडतं आणि ते बीट संपलं. आधी ५ चं भोक, मग १० चं, मध्ये तेलाचे थेंब. धारेतून लांब वळणदार चिरोट्या निघाल्या तर समजा सगळं जमलं. सोबत एम ८, एम १० आणि एम १२ चे टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घ्या. माझा पेरणीचा दिवस ज्या तुटक्या बोल्टानं नेला, तसा बोल्ट काढायला हेच लागतं: मधोमध पंच, बारीक भोक, मग थोडं मोठं, आणि शेवटी टॅपनं आटे साफ.

जॅक फक्त उचलायला असतो. गाडी उचलली की तिच्याखाली घोड्या (भार धरणारे लोखंडी स्टँड) ठेवल्याशिवाय हातही आत घालायचा नाही. बाटली जॅकचं तेल कधी उतरेल सांगता येत नाही. शेतात उचलायची वेळ आली तर काळ्या मातीत जॅक रुततो आणि कलंडतो. दोन फूट लांब, तीन इंच जाड सागाची फळी कायम ट्रॅक्टरवर ठेवा. विटा किंवा दगड चालत नाहीत, ते भाराखाली फुटतात.

कंप्रेसर हौसेनं घेऊ नका. कमी दाबावर त्याची मोटर सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते आणि कपॅसिटर जातो. चाकात हवा भरायला चांगला पायपंप आणि प्रेशर गेज पुरतात. घेतलाच तर टाकीतलं पाणी रोज सोडा आणि हवेच्या लाइनला पीव्हीसी पाइप वापरू नका, तो फुटला की तुकडे उडतात.

गॅस कटिंग घरी नकोच. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय वापरणं बेकायदा आहे, आणि ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लागला तरी पेट घेऊ शकतो. अशी कामं तालुक्याला न्या.

पावसाळ्यात

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे पाने रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन, पुसून, इंजिन ऑइलचा हात फिरवून ठेवा. वाईसच्या स्क्रूला ग्रीस भरा. रॉडची उघडी पाकिटं पावसाळी हवेत दोन दिवसांत ओल धरतात, मग ठिणग्या उडतात आणि जोडाला बारीक भोकं पडतात. मी जुन्या लोखंडी पेटीत ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून रॉड त्यात ठेवतो, बल्बपासून वीतभर लांब, मध्ये जाळी. वीज नसेल तेव्हा आई भाकरी करून झाल्यावर चुलीच्या ओट्यावर, निखाऱ्यांपासून दूर, ते पसरून देते. तासाभरात रॉडवरचं आवरण हाताला कोरडं आणि कोमट लागतं, तेव्हा ते वापरायला घ्यायचे.